ओरिएंटियरिंग: नागपूरच्या झुडपी जंगलात धावताना या चुका टाळा

डिसेंबरातल्या एका रविवारी हिंगण्याच्या पुढच्या माळावर आम्ही ओरिएंटियरिंगचा, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन धावण्याचा, सहा कंट्रोलचा सराव लावला होता. कंट्रोल म्हणजे नकाशावर दाखवलेलं, गाठायचं ठिकाण. तिसऱ्या कंट्रोलपासून चौथा नकाशावर जेमतेम चार सेंटीमीटर, म्हणजे 1:10,000 च्या नकाशावर 400 मीटर. दहा किलोमीटर 42 मिनिटांत धावणाऱ्या एका मुलाला तेवढ्याला 14 मिनिटं लागली. त्याच्या मागून निघालेली बारावीतली मुलगी निम्मं अंतर चालत गेली, तरी साडेचार मिनिटांत पोचली. मुलगा परत आला तेव्हा पायमोज्यांत कुसळं भरलेली आणि तोंडात एकच वाक्य, "दादा, नाला त हाच होता न!"

तो शेजारचा नाला होता. या खेळात वेळ नेमका कुठे जातो ते त्या एका वाक्यात आलं आहे. त्या नाल्याकडे मी परत येणारच आहे, पण आधी सुरुवातीपासून बघू.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धावायला सुटतानाच नकाशा हातात मिळतो. त्यावर जांभळ्या रंगात सुरुवातीचा त्रिकोण, क्रमांक घातलेली वर्तुळं आणि शेवटी दुहेरी वर्तुळ असतं. वर्तुळाच्या मधोमध जी खूण आहे तिथे जमिनीवर पांढऱ्या-केशरी कापडाचा तीनबाजूंचा झेंडा टांगलेला असतो, प्रत्येक बाजू 30 सेंटीमीटरची. हेच कंट्रोल. दिलेल्या क्रमाने प्रत्येक ठिकाणी पंच करायचं, म्हणजे पोचल्याची नोंद करायची. मधली वाट ज्याची त्याने शोधायची.

सुटतानाच होणारी चूक

शिट्टी वाजली की पाय सुटतात आणि नकाशा नंतर उघडतो. पहिल्या कंट्रोलला सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. नकाशा हातात आला की आधी तो फिरवा, त्यावरच्या उत्तर रेषा होकायंत्राच्या सुईशी जुळवा, आणि मग त्रिकोणावर अंगठा ठेवा. अक्षरं उलटी दिसली तरी चालेल. अक्षरं सरळ दिसावीत म्हणून नकाशा सरळ धरणारे बरोबर उलट दिशेला धावलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहेत. सुई लाल टोकाऐवजी पांढऱ्या टोकाने जुळवली तरी तेच होतं. हिवाळ्यात यावर एक सोपा ताळा आहे. आपल्याकडे डिसेंबरात सकाळी आठ-नऊला सूर्य आग्नेयेला असतो. उत्तरेला जायचं असेल तर ऊन उजव्या खांद्यामागून यायला हवं. ते तोंडावर येत असेल तर लगेच थांबा. मेच्या शेवटी भरदुपारी हा ताळा चालत नाही, कारण तेव्हा सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो. तसंही नवतपात सकाळी आठनंतर जंगलात कुणी धावू नये.

एनसीसीत नकाशावाचन शिकलेल्यांना एक सवय मोडावी लागते. नागपूर-कामठी भागात असे खूपजण भेटतात आणि त्यांचा पाया पक्का असतो. पण ग्रिड उत्तर, चुंबकीय उत्तर, अंशांची बेरीज-वजाबाकी यातलं काहीच इथे करायचं नसतं, कारण ओरिएंटियरिंगच्या नकाशावरच्या उत्तर रेषा चुंबकीय उत्तरेकडेच काढलेल्या असतात. दुसरी गोष्ट मापाची. 1:50,000 च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षणाच्या नकाशावर, एक सेंटीमीटर म्हणजे 500 मीटर, इथे 100. टोपोशीटची नजर बसलेला माणूस कंट्रोल ओलांडून खूप पुढे निघून जातो आणि मग तिथे शोधत बसतो. सुटण्याआधी कोपऱ्यातलं प्रमाण वाचा. नकाशा 1:15,000 चा असू शकतो, शहरी स्प्रिंटला 1:4,000 चाही असतो.

रंगांचा घोळ

पांढरं म्हणजे उघडा माळ, असं नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. या नकाशांत पांढरं म्हणजे धावता येईल असं जंगल. उघडी जमीन पिवळी असते. हिरवा म्हणजे झाडोरा दाट, आणि जितका गडद तितका वेग कमी. गर्द हिरव्यात घुसणं म्हणजे आपल्याकडे रायमुनियाच्या जाळीत घुसणं. हात ओरबाडून निघतात, आणि पाच मीटर सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाजूने पन्नास मीटर धावून होतं.

नकाशा कोणत्या महिन्यात काढला हेही बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये साग उघडाबोडका असतो, गवत गेलेलं असतं, सगळं पांढरं नि पिवळं दिसतं. तोच तुकडा सप्टेंबरात कमरेइतक्या गवताने आणि तरोट्याने भरतो. नोव्हेंबरात गवत वाळतं, पण कुसळं उभी राहतात. म्हणून हिरव्याच्या कडेवर फार विसंबू नका, उंचीवर विसंबा. शून्य मैलाच्या दगडावर 1907 साली 1020.171 फूट ही समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली, ती आजही तशीच आहे. शहर भोवताली किती बदललं ते आपण बघतोच. झाडं, पायवाटा, कुंपणं बदलतात, जमिनीचा उतार बदलत नाही. आपला भाग सपाट असल्यामुळे लोक तपकिरी कंटूर रेषांकडे, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषांकडे, बघतच नाहीत. पण या नकाशांवर दोन रेषांत उंचीचं साधारण 5 मीटरचंच अंतर असतं, सपाट भागात अडीच मीटरचंही ठेवतात. पायाला जाणवणारा छोटा उंचवटासुद्धा त्यात येतो.

शेजारचा नाला

आता तो मुलगा. नकाशावर दोन नाले होते, जवळजवळ समांतर, एकमेकांपासून सव्वाशे मीटरवर. कंट्रोल दुसऱ्या नाल्यावर होतं, बंधाऱ्याच्या खाली, वळणाच्या आत. तो सुसाट गेला, पहिला नाला लागला, खाली वळण दिसलं आणि त्याने शोधायला सुरुवात केली.

नंतर आम्ही दोघं तिथे चालत गेलो आणि त्याला मी विचारत गेलो. बंधारा दिसला का? नाही, पण "फुटला असेल" असं वाटलं. वळण कोणत्या बाजूला? नकाशात डावीकडे, इथे उजवीकडे. ते त्याने पाहिलं होतं, पण "नकाशा जुना असेल" असं वाटलं. आणि चौथ्या कंट्रोलच्या आधी एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायचा होता, तो लागला का? नाही लागला. तीन साक्षी समोर होत्या आणि तिन्हींना त्याने काही ना काही कारण देऊन गप्प केलं. नऊ मिनिटं तो नाल्यात वरखाली फिरला, त्याच एका वळणाभोवती.

या खेळातली सगळ्यात महाग चूक हीच. जमिनीवर जे दिसतं ते नकाशात बसवायला मन धडपडतं, आणि दमलेलं मन तर कशालाही हो म्हणतं. मीही यात सापडलो आहे. एका रोपवनात वीस मिनिटं घालवली, कारण मागे 150 मीटरवर असलेल्या पांदणीपर्यंत, म्हणजे शेतातल्या वाटेपर्यंत, परत जाणं जिवावर आलं होतं. गेलो असतो तर मिनिटभरात जागा कळली असती. "नकाशा चुकला" असं मनात आलं की तिथेच थांबायचं, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

ही चूक टाळण्याची तयारी लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला टप्पा, सुरू होण्याआधी करावी लागते. कंट्रोल सोडतानाच वाटेत काय काय लागणार ते क्रमाने स्वतःशी बोला: पांदण, नाला, धुरा, दुसरा नाला, बंधारा. त्या बारावीतल्या मुलीने नेमकं हेच केलं होतं. ती पुटपुटत धावते आणि बाकीची मुलं हसतात, पण पहिल्या नाल्याशी ती थांबली नाही, कारण तिचा धुरा अजून यायचा होता. जोडीला पावलं मोजा. एकाच पायाची पावलं मोजायची. धावताना 100 मीटरला बहुतेकांची 35 ते 45 होतात, झाडोऱ्यात जास्त. स्वतःचा आकडा एकदा मैदानावर काढून ठेवा. नाला 180 मीटरवर यायला हवा होता आणि 70 मीटरवरच लागला, एवढं कळलं तरी पुरे.

तरीही हरवलात तर धावणं आधी बंद करा. नकाशा सुईशी जुळवा. शेवटची खात्रीची जागा कोणती, तिथून किती वेळ आणि कोणत्या दिशेने आलो, ते आठवा. मग आसपासच्या मोठ्या, चुकणार नाही अशा ओळीकडे चला: रस्ता, पांदण, कालवा, विजेची मोठी लाइन. आता काय दिसतं ते आधी जमिनीवर बघा आणि मग नकाशात शोधा. दिसलेलं प्रत्येक चिन्ह जुळलंच पाहिजे, एकही सोडायचं नाही.

वाट निवडताना

दोन वर्तुळांना जोडणारी जांभळी रेघ ही वाट नसते. सरळ रेघेत रायमुनिया आणि बाजूला पांदण असेल तर पांदणीने दीडपट अंतर पडलं तरी बहुधा फायदाच होतो. चढाचा ढोबळ हिशेब असा: 1 मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे 8 ते 10 मीटर. नागपूरच्या आसपास चढापेक्षा झाडोराच जास्त वेळ खातो, रामटेकसारखी टेकडी असेल तरच हा हिशेब मनावर घ्यावा लागतो.

नाल्यावरच्या बंधाऱ्याकडे जायचं असेल तर बरोबर बंधाऱ्याचा नेम धरू नका. मुद्दाम तीस-चाळीस मीटर डावीकडे नेम धरा. नाला लागला की उजवीकडे वळायचं हे आधीच ठरलेलं असतं. नेम सरळ धरून जरा चुकला, तर डावीकडे जावं की उजवीकडे हे कळायला मार्ग राहत नाही.

शेवटचे 100 मीटर

कंट्रोलच्या जवळ एक पक्की, सहज सापडणारी खूण निवडा: पांदणीचा तिठा, धुऱ्याचा कोपरा, विहीर. तिथपर्यंत पूर्ण वेगाने, तिथून पुढे वेग कमी करून सुई आणि पावलं धरून. ही खूण न निवडता थेट वर्तुळात शिरणारा माणूस झेंडा शोधायला लागतो. शोधायची ती वर्तुळाच्या मधोमधची खूण, झेंडा तिच्यापाशी असतोच. दुरून केशरी काहीतरी दिसलं म्हणून वळू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की हा मोह फार होतो.

कंट्रोलचं वर्णन देणारी चिन्हांची पट्टी न वाचणं ही याच टप्प्यातली चूक. झेंडा खुणेच्या कोणत्या बाजूला आहे, खड्डा आहे की दगड, दोन दगडांतला उत्तरेकडचा की दक्षिणेकडचा, हे सगळं त्यात असतं. आणि कोड, म्हणजे कंट्रोलवर लिहिलेला क्रमांक, तपासल्याशिवाय पंच करू नका. कोड 31 पासून सुरू होतात, म्हणजे तुमच्या चौथ्या कंट्रोलवर 4 लिहिलेलं नसतं. दुसऱ्या गटाचा झेंडा जवळच असू शकतो, आणि चुकीचा पंच झाला की धाव कितीही चांगली असली तरी निकालातून बाद. पुढच्या धावणाऱ्याच्या मागे जाणंही असंच अंगलट येतं. त्याचा कोर्स वेगळा असू शकतो. शहरी स्प्रिंटमध्ये याला जोडून आणखी एक: नकाशावर जाड काळी भिंत किंवा ऑलिव्ह रंगाची जागा असेल तर ती ओलांडायला बंदी असते, प्रत्यक्षात उडी मारता येत असली तरी.

होकायंत्र

ज्या हातात होकायंत्र आहे त्याच हाताला मोबाइल बांधू नका, सुई हलते. बाहेरून मागवलेलं होकायंत्र आधी तपासून घ्या. स्वीडन-फिनलंडकडे सुईचं उत्तर टोक जमिनीकडे खूप ओढलं जातं, म्हणून तिथली सुई तोलताना दक्षिण बाजू जड ठेवतात. नागपूरला ती ओढ बरीच कमी, त्यामुळे तीच सुई इथे दक्षिण टोकावर बसते आणि तळाला घासून अडकते. होकायंत्र आडवं धरून हळूच फिरवा. सुई अडखळत असेल तर तुमचा दोष नाही, ते बदला.

कपडे आणि परवानगी

पूर्ण पँट घाला आणि वर घट्ट गेटर, म्हणजे पोटरीवरचं आवरण, बांधा, नाहीतर अर्धा वेळ कुसळं काढण्यात जाईल. गळ्यात शिट्टी हवीच. सरावाला जागा निवडताना वनविभागाची परवानगी आधी घ्या. गोरेवाड्याकडे बिबटे आहेत, तिथे आपलं आपण झेंडे लावायला जाऊ नये.

धाव झाल्यावर

घरी जाण्याआधी, घाम वाळायच्या आत, प्रत्यक्ष कुठून गेलात ती रेघ पेनाने नकाशावर काढा. घड्याळातला जीपीएस नंतर बघा, आधी आठवणीतून. जिथे रेघ काढताना हात अडखळतो तिथेच तुम्ही नकाशा सोडला होता. त्या मुलाचा हात पहिल्या पांदणीनंतर लगेच थांबला. पुढचे साठ-सत्तर मीटर त्याला आठवतच नव्हते. म्हणजे चूक नाल्यात झालेली नव्हती, ती आधीच झाली होती. पुढच्या रविवारी आम्ही त्याला तोच लेग पुन्हा दिला, उलट्या दिशेने.

आणि कोर्स अर्धवट सोडलात तरी फिनिशला येऊन नाव सांगाच. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि यादीत एक नाव कमी असेल तर बाकीच्यांना टॉर्च घेऊन झुडपात शिरावं लागतं.