चार माईक, चार वेगळे ट्रॅक: खंजिरी भजनाचं रेकॉर्डिंग

नागपुरात महाल भागातल्या एका भजनी मंडळासाठी गायक, पेटी, ढोलक आणि खंजिरी असे चार माईक एका यूएसबी इंटरफेसला (माईकचा आवाज संगणकात नेणारं उपकरण) जोडले. चारही दिवे लागत होते, पण संगणकात आवाज फक्त पहिल्या दोघांचा, तोही एकाच स्टिरिओ ट्रॅकवर.

कारण होतं ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि संगणक यांना जोडणारं सॉफ्टवेअर. विंडोजचा आवाज नेण्याचा जुना एमएमई मार्ग सहसा दोनच चॅनल देतो. म्हणून इंटरफेसच्या कंपनीचा, सगळे चॅनल वेगवेगळे देणारा एएसआयओ ड्रायव्हर टाकला. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे एएसआयओ निवडून इनपुटची रेंज 1 ते 4 केली. मग चार ट्रॅक घेऊन प्रत्येकाला मोनो इनपुट 1, 2, 3, 4 दिलं आणि चारही आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार) केले. ट्रॅकचं इनपुट बदलायला विसरलात तर चारही ट्रॅकवर गायकच येतो!

रेकॉर्डिंगच्या दर्जासाठी 48 किलोहर्ट्झ, 24 बिट पुरे. टकटक आवाज आला तर ड्रायव्हरच्या सेटिंगमधला बफर (आवाज थोडा वेळ साठवायची जागा) 512 सॅम्पल करा. गायकाला हेडफोनमध्ये इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, म्हणजे संगणकात न जाता थेट, ऐकवा, म्हणजे उशीर जाणवत नाही.

खंजिरीची थाप फार टोकदार असते. तिचा गेन (माईकच्या आवाजाची पातळी) सर्वात जोरकस थापेवर लावा, मीटर उणे 12 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गायकाचा माईक तोंडापासून 20 सेंमीवर असेल तर शेजारचा माईक त्याच्यापासून किमान 60 सेंमी लांब हवा, नाहीतर मिक्समध्ये आवाज पोकळ होतो. कूलर मात्र बंदच ठेवा, मे महिना असला तरी. घरघर चारही माईकमध्ये शिरते आणि नंतर नीट निघत नाही.