फ्लॉपीवरून बूट रेंगाळतंय? आधी ड्राइव्हचा आवाज ऐका

मी लिहिलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल (तिचा गाभा) १८० सेक्टरचा (सेक्टर म्हणजे फ्लॉपीवरचा ५१२ बाइटचा तुकडा), म्हणजे जेमतेम ९० केबी. तो फ्लॉपीवरून मेमरीत यायला ३६ सेकंद लागायचे. मी फ्लॉपी बदलली, ड्राइव्ह बदलला, केबलही बदलली. ३६ सेकंद ते ३६ सेकंदच.

तुम्ही काही खोलण्याआधी आवाज ऐका. हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा भाग, मध्येच शून्य ट्रॅकवर (सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर) परत जाऊन तीच जागा पुन्हा पुन्हा चाचपत असेल, तर वाचन फसतंय: फ्लॉपी खराब किंवा हेड मळलेलं. माझ्याकडे तसं नव्हतं. हेड शांतपणे, पण फार सावकाश पुढे सरकत होतं. अशा वेळी दोष बूटलोडरमध्ये, म्हणजे कर्नल मेमरीत आणणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये शोधा.

१.४४ एमबीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ०.२ सेकंद. १८० गुणिले ०.२ बरोबर ३६! दर सेक्टरमागे अख्खा फेरा जात होता. माझा बूटलोडर बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या) इंटरप्ट १३एचकडे, म्हणजे डिस्क वाचून देणाऱ्या सेवेकडे, एका वेळी एकच सेक्टर मागायचा, मग पडद्यावर एक टिंब छापायचा. तेवढ्यात पुढचा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असायचा.

उपाय: ट्रॅकवर जितके सेक्टर उरले असतील, तितके एकदम मागा. ट्रॅकवर १८ सेक्टर असतात आणि क्रमांक १ पासून सुरू होतो, म्हणून किती सेक्टर हवेत ते सांगणाऱ्या एएल रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) १९ वजा चालू सेक्टर. आधी हेड ० (फ्लॉपीची एक बाजू), मग हेड १ (दुसरी बाजू), आणि त्यानंतरच पुढचा सिलिंडर (दोन्ही बाजूंच्या ट्रॅकची पुढची जोडी). हा क्रम चुकला तर हेडची धावपळ उगाच वाढते.

इथे मी दोन दिवस अडकलो, म्हणून सांगतो: बफरने (वाचलेलं ठेवायच्या मेमरीतल्या जागेने) ६४ केबीची सीमा ओलांडली की डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीत डेटा टाकणारी यंत्रणा, नकार देते आणि एएच रजिस्टरमध्ये चुकीचा क्रमांक म्हणून ०९ येतो. सीमेपर्यंत मावतील तेवढेच सेक्टर मागा, उरलेले पुढच्या खेपेला. दुसरी कुठलीही चूक आली तर ड्राइव्ह रीसेट करून निदान तीनदा प्रयत्न करा, कारण मोटर वेग घेईपर्यंत पहिलं वाचन फसू शकतं.

आता १० ट्रॅक वाचायला २ सेकंद, वर मोटर सुरू होण्याचा आणि हेड सरकण्याचा थोडा वेळ.

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची फ्लॉपी असेल आणि ड्राइव्ह गप्प असतानाच सगळं थांबत असेल, तर हिमेम.सिस हा तिचा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम मेमरी तपासत असेल. कॉन्फिग.सिस या सेटिंगच्या फाइलमधल्या हिमेम.सिसच्या ओळीला /टेस्टमेम:ऑफ जोडून बघा.