कुष्ठरोगात नस तपासायला शिकताना (फिजिओच्या नवीन इंटर्नसाठी)

माझी रूरल पोस्टिंग जत तालुक्यात होती. कुष्ठरोग म्हणजे चट्टा एवढंच डोक्यात घेऊन गेलो होतो, त्यामुळे पहिले आठ दिवस नुसते चट्टे शोधत बसलो आणि खरा घोळ तिथंच झाला.

एक मामा आलेले, हळदीच्या सीझनला काहिलीवर (हळद शिजवायची मोठी कढई) कामाला जाणारे. तळहाताला टम्म फोड. विचारलं कधी भाजलं, तर म्हणे, "काय म्हाईत, घरी जेवाय बसल्यावर मालकिणीनं बघितलं." मी बॉलपेननं टेस्ट घेतली, सगळी उत्तरं बरोबर, मी नॉर्मल लिहून मोकळा! सिनियर मॅडमनी मामांना डोळे मिटायला लावले आणि तीच टेस्ट परत घेतली, तर करंगळीच्या बाजूला पेन टेकतोय हे मामांना कळेचना. माझ्यावेळी ते बघून सांगत होते.

होतं काय, की हा जंतू नसेभोवतीच्या श्वान (Schwann) पेशींमध्ये जाऊन बसतो, आणि त्याला थंडावा लागतो, म्हणून कातडीलगतच्या नसा आधी सापडतात, म्हणजे कोपराची अल्नर, गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाची, घोट्यामागची. वाढतोही सावकाश, दुप्पट व्हायला साधारण १२ ते १४ दिवस. पण नुकसान एकटा जंतू करत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते, नस आतल्या आत सुजते आणि बाहेरचं आवरण काही ताणत नाही, मग ती स्वतःच्याच सुजेत चेपते. बऱ्याचदा गार-गरम कळणं आधी जातं, म्हणून तर मामांना काहील कळली नाही.

नस बघताना कोपर थोडं वाकवायचं, जिथं आपटलं की झिणझिण्या येतात ती खाच बोटांनी चाचपायची आणि दोन्ही हात ताडून बघायचे. मामांची उजवी नस सुतळीसारखी लागत होती. दाबताना नजर पेशंटच्या तोंडावर ठेवा, वहीत नको, कपाळावर आठी पडली की थांबायचं. आणि नस दुखत नाही म्हणून सोडू नका, न दुखताही ती मरत असते. करंगळी बाहेर काढायला सांगून तुमच्या बोटानं विरोध करा, ताकद तिथं कळते.

एमडीटीनं, म्हणजे कुष्ठरोगाच्या एकत्र द्यायच्या औषधांनी, जंतू मरतात (६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स), पण नसेची सूज त्यानं उतरत नाही. त्याला प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) लागतं, आणि बधिरपणा किंवा कमजोरी ६ महिन्यांच्या आतली असेल तर परत येण्याचा चान्स चांगला असतो. म्हणून "कधीपासून?" हे खोदून विचारा. मामा आधी "लई दिस झालं" म्हणाले, मग कळलं, दिवाळीत शर्टाची बटणं लावता येत होती, म्हणजे कमजोरी सहा महिन्यांच्या आतलीच.