आजोळच्या पांढऱ्या लिलीची ओळख

मामीने फुलझाडाचे कांदे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले तेव्हा मी नाव विचारलं. "पांढरी लिली," एवढंच म्हणाली. आजीही तेवढंच म्हणायची. चिपळूणला विहिरीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी ही फुलं होती. आता माझ्या पुण्याच्या गॅलरीतल्या चार कुंड्या भरल्यात. तुमच्याकडेही अशी लिली आली असेल, तर फूल हातात घेऊन बघा, नुसत्या फोटोवर जाऊ नका.

आधी दांडा. एका दांड्यावर झुबका असेल तर फुलाच्या मधोमध पाहा. तिथे पातळ पडद्याची वाटी आणि वाटीच्या काठातून निघालेले पुंकेसर दिसले, तर ती स्पायडर लिली. वाटी नाही, पुंकेसर सुटे, जांभळट आणि पानं चांगली रुंद, तर क्रायनम; आमच्याकडे त्याला नागदवणा म्हणतात. निशिगंध तर वासावरूनच कळतो.

दांड्यावर एकच फूल असेल, तर दांडा मोडा. आत पोकळ? सहा पाकळ्या, सहा पिवळे पुंकेसर, तळाशी हिरवट झाक, फुलाच्या खाली पातळ पापुद्रा? उन्हात उमलून संध्याकाळी मिटतं? मग ती पांढरी रेन लिली, झेफिरँथेस कँडिडा. मूळची दक्षिण अमेरिकेतली, अर्जेंटिना-उरुग्वेकडची. आजीच्या विहिरीपर्यंत ती कुठून कुठून आली असेल, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फूल नसताना पान चिमटीत फिरवा. पांढरीचं पान बारीक, जाडसर, जवळजवळ गोल लागतं, गुलाबी रेन लिलीचं चपटं.

आणि हे नीट लक्षात ठेवा. माझ्या जाऊबाईंनी एकदा कांद्याची पात समजून हिची मूठभर पानं कापून ओट्यावर आणली होती. वास घेतला म्हणून बरं. पातीला चुरगळल्यावर कांद्याचा वास येतो, हिला येत नाही. रेन लिली, स्पायडर लिली, नागदवणा, तिन्ही विषारी. पोटात गेल्या तर उलट्या होतात. कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत नको, कांदे भाजीच्या टोपलीत तर नकोतच.

एका कांद्याला बाजूने पिल्लं फुटत जातात, त्यामुळे दोन-तीन वर्षांत कुंडी दाटते. काढताना पानं धरून ओढू नका, मान तुटते. खुरप्याने बाजूने उकरा. यंदा भाचीला वीस कांदे दिले. पुडीवर लिहिलं: पांढरी रेन लिली, आजीच्या विहिरीकडची.