एलिव्हेशन ठरवायचंय? मग दुपारी 4 ला प्लॉटवर या

गिऱ्हाईक पहिल्याच भेटीत मोबाइल पुढे करतं. “भाऊ, आपल्याला असं एलिव्हेशन पाहिजे.” एलिव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी भाग. फोटो पुण्याचा नाहीतर दुबईचा, आणि प्लॉट खानदेशातल्या अमळनेरात, पश्चिमेला तोंड करून. मी फोटो ठेवून घेतो आणि सांगतो, मे महिन्यात दुपारी 4 ला प्लॉटवर या, छत्री न घेता.

हे शहाणपण मला स्वतःच्या घराने शिकवलं. 12 वर्षांपूर्वी पश्चिमेला जिन्यापासून हॉलपर्यंत सलग काच लावली, बाजूने काळी एसीपी शीट, म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेली पातळ शीट. गल्लीत कौतुक झालं. एप्रिल लागला आणि सोफा हात लावू देईना. आई धाब्याच्या घरात वाढलेली. ती एवढंच म्हणाली, “इतली काच कसाले?” आता तिथे आतून जाड पडदा आणि बाहेरून हिरवी जाळी आहे. काच दिसतच नाही.

तर आधी फोनवरचं होकायंत्र उघडून घराच्या चारही बाजू कागदावर मांडा. दक्षिण सगळ्यात सोपी. आपण साधारण 21 अंश अक्षांशावर. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून 45 अंश उंचीच्या आसपास असतो, मार्चअखेर 69 च्या वर चढतो. म्हणून 4 फूट उंच खिडकीला लागून वर 2 फुटांचा छज्जा दिला, की मार्चअखेरपासून भर दुपारचं ऊन काचेला शिवत नाही, आणि थंडीत खालच्या अर्ध्या खिडकीतून आत येतं.

पश्चिमेला हाच छज्जा कुचकामी. तिथलं ऊन आडवं येतं, छज्ज्याखालून सरळ घरात. त्या बाजूला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत टाका. खिडकी हवीच तर अरुंद, आणि तिच्यापुढे हातभर अंतर सोडून विटांची जाळी. अंतर सोडाच. जाळी तापली तर तापू द्या, मधून वारा खेळला पाहिजे. रस्ता पश्चिमेलाच असेल तर ही जाळीच तुमचं एलिव्हेशन. कलत्या उन्हात तिची नक्षी भिंतीवर उतरते, तेव्हा कुठलीही शीट तिच्यापुढे फिकी, असं माझं मत.

उत्तरेला खिडक्या मोकळ्या हाताने द्या. पूर्वेला ओटा. रंग पांढरट.

आता कमी पैशांची पण मोलाची कामं. कॉलम-बीम जिथे विटेच्या भिंतीला भिडतात, तिथे प्लॅस्टरआधी चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, मारून घ्या, सांध्याच्या दोन्हीकडे 6-6 इंच. नाहीतर पुढे नेमका त्याच रेषेत तडा जातो. छज्ज्याच्या पोटाला, कडेपासून इंचभर आत, बोट फिरेल एवढी खाच हवी. पावसाचं पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवर ओघळ येत नाहीत. घाईत ही खाच हमखास राहते, म्हणून परांची काढायच्या आधी स्वतः चढा आणि बोट फिरवून बघा. प्लॅस्टरला किमान 7 दिवस पाणी, मेमध्ये दिवसातून तीनदा.

एसीचं बाहेरचं युनिट, डिश, सांडपाण्याचे पाइप यांच्या जागा नकाशावरच काढा. थ्रीडी चित्रात यातलं काहीच नसतं. युनिट पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नका, आणि त्याच्यामागे कबुतर मावेल एवढी फट ठेवू नका. माझ्याकडे सध्या त्या फटीत दोन अंडी आहेत, आणि आई एसीची सर्व्हिसिंग करू देत नाहीये.