सॉफ्टवेअरची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख: इन्स्पेक्शन प्लॅनिंगला नव्याने लागलेल्यांसाठी

केमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सला लागलात आणि साहेबांनी "तुझा कॉम्प्युटरवर हात बरा आहे, इन्स्पेक्शनचं प्लॅनिंग तूच बघ" म्हणत सॅप पीएम (सॅप सॉफ्टवेअरचा मेंटेनन्सचा भाग) गळ्यात मारलं, तर हे तुमच्यासाठी आहे. हे काम कुणी मागून घेत नाही. मीही घेतलं नव्हतं. फंक्शनल लोकेशन (यंत्राची प्लांटमधली जागा), टास्क लिस्ट (करायच्या कामांची यादी), मेंटेनन्स प्लॅन (काम कधी कधी करायचं ते) हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. नसेल तरी घाबरू नका, बटणं कुठली दाबायची ते पंधरवड्यात जमतं.

जे जमत नाही, आणि कुठल्या क्लासात शिकवतही नाहीत, ते तारखांचं गणित. मी त्यातच अडकले, म्हणून जरा पाल्हाळ लावते.

समजा, ५ टनी चेन पुली ब्लॉक (साखळीने वजन उचलायचं यंत्र) आहे. वजन उचलायचं असं सामान, म्हणजे लिफ्टिंग टॅकल, १२ महिन्यांतून एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून (सरकारमान्य तपासनीसाकडून) तपासून घ्यायचं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलंय. तपासणी झाली १० मार्चला, प्रमाणपत्रावर तीच तारीख. पण बिल आलं नाही, सर्व्हिस एंट्री (काम झाल्याची सॅपमधली नोंद) लटकली, म्हणून त्या तपासणीची सॅपमधली ऑर्डर उघडीच राहिली. २२ एप्रिलला थकलेल्या ऑर्डरींची यादी साफ करताना कुणीतरी ती टेको केली, म्हणजे काम पूर्ण म्हणून बंद केली. टेको करताना एक छोटी खिडकी उघडते, तिच्यात संदर्भ तारीख असते आणि ती आपोआप आजची भरलेली असते. सगळे बघता बघता एंटर मारतात. प्लॅनमध्ये उशिराचा शिफ्ट फॅक्टर (झालेल्या उशिराचा किती भाग पुढच्या तारखेत ढकलायचा ते) १०० टक्के असेल, तर सॅप पुढचं वर्ष २२ एप्रिलपासून मोजतं. प्रमाणपत्र मात्र पुढच्या १० मार्चलाच संपलेलं. मधले ४३ दिवस यादीत काहीही लाल (मुदत उलटलेलं) दिसत नाही आणि तो ब्लॉक रिअ‍ॅक्टरचं झाकण उचलत असतो. पुढच्या वर्षी बिलाला पुन्हा उशीर, तारीख आणखी पुढे.

सॅपची यात चूक नाही. गिअरबॉक्सचं तेल उशिरा बदललं तर पुढची बदलीही उशिराच यायला हवी, त्यासाठी हा फॅक्टर बरोबरच आहे. कायद्याच्या तपासणीला तो लावला की घोळ होतो. आमच्याकडे प्लॅन बनवणाऱ्या कन्सल्टंटने तेलाचा साचा उचलून सगळीकडे चिकटवला होता आणि गो-लाइव्हची पार्टी खाऊन गेला होता. ऑडिटरने माझ्या हिरव्यागार स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने ब्लॉकवर पंच केलेला नंबर वाचला आणि फाइल मागवली.

"मग शिफ्ट फॅक्टर शून्य करून टाकू" असं म्हणाल, तर थांबा. दोन फॅक्टर असतात, उशिराचा आणि लवकरचा. उशिराचा शून्य करा. लवकरचा मात्र १०० ठेवा. शटडाऊन आहे म्हणून तुम्ही मार्चची तपासणी जानेवारीत उरकलीत, तर प्रमाणपत्र पुढच्या जानेवारीत संपणार. लवकरचा शून्य असेल तर सॅप मार्चच दाखवत बसेल. टॉलरन्सही (किती फरक सोडून द्यायचा ते) शून्य. शेड्युलिंग 'की डेट'वर (कॅलेंडरमधली तीच तारीख धरणाऱ्या प्रकारावर) ठेवा, कारण साध्या 'टाइम' प्रकारात महिना ३० दिवसांचा धरतात आणि १२ महिन्यांचे ३६० दिवस होतात. आणि टेकोच्या त्या खिडकीत प्रत्येक वेळी प्रमाणपत्रावरची तारीख हाताने घाला. कंटाळा येतो. तरीही घाला.

बाकीचं थोडक्यात. लिफ्ट आणि होइस्टला ६ महिने. प्रेशर व्हेसल (दाबाखाली चालणारं भांडं) बाहेरून ६ महिन्यांनी, आतून १२ महिन्यांनी. एसएमपीव्ही (दाबाखालच्या वायूच्या टाक्यांच्या) नियमांत येणाऱ्या टाक्या नागपूरच्या पेसो या केंद्रीय स्फोटक-सुरक्षा संस्थेच्या अखत्यारीत, त्यांची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) ५ वर्षांनी, गंज आणणारा वायू असेल तर २ वर्षांनी. प्लॅनच्या लाँग टेक्स्टमध्ये मुदत कुठल्या नियमाखाली धरली ते लिहून ठेवा. बॉयलरचा १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला, तेव्हा ज्यांनी लिहिलं नव्हतं ते शोधत बसले.

कॉल होरायझन (मुदतीचा किती भाग उलटल्यावर ऑर्डर काढायची ते) १०० टक्के ठेवलात तर ऑर्डर नेमकी देय दिवशीच उगवेल. स्कॅफोल्डिंग, परमिट, कॉम्पिटंट पर्सनची तारीख हे सगळं त्या दिवशी कसं जमवणार? वर्षाच्या तपासणीला ९० टक्के ठेवलं की महिनाभर हाताशी मिळतो. तळोजा, रोहा, लोटे अशा पावसाच्या पट्ट्यात असाल तर उघड्यावरच्या व्हेसल-पाइपच्या पत्र्याची जाडी मोजणी मेमध्येच ओढून घ्या. जुलैत ओल्या मचाणावर माणूस चढवू नये.

एक्सेलला नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. पहिली यादी एक्सेलमध्येच करा, पण प्लांटमध्ये फिरून, नेमप्लेट पुसून वाचत. जुनी यादी उचलून थेट मास अपलोड केली (एकगठ्ठा सॅपमध्ये चढवली) की भंगारात गेलेल्या व्हेसलच्याही ऑर्डरी निघतात. फिरताना सोबत जुना रिगर फोरमन (वजन उचलणाऱ्या टोळीचा मुकादम) घ्या. कुठली शॅकल (वजन अडकवायची लोखंडी कडी) कुठल्या शेडमधून आली हे त्याला तोंडपाठ असतं, आणि चहा पाजला की तो सांगतो. सेफ्टी व्हॉल्व्हचा प्लॅन लोकेशनवर न लावता व्हॉल्व्हच्या इक्विपमेंट नंबरवर लावा, नाहीतर स्पेअरशी अदलाबदल झाली की इतिहास दुसऱ्याच व्हॉल्व्हच्या नावावर जातो. एपीआय ५१० ची (प्रेशर व्हेसल इन्स्पेक्टरची) परीक्षा जरूर द्या, पण नंतर. आरबीआयचं (धोका पाहून तपासणी ठरवण्याचं) महागडं सॉफ्टवेअर घ्यायला निघालेल्या साहेबांना आधी विचारा की जाडीची गेल्या दोन वेळची रीडिंग एकाच पॉइंटवरची आहेत का.

पहिले दोन महिने हिरवं-लाल विसरा आणि फक्त कायद्याच्या तपासण्यांची कागदी प्रमाणपत्रं सॅपच्या तारखांशी पडताळा. एवढं झालं तरी तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात, खरंच. मग आयटीतल्या कुणाला तरी गाठून आयपी३० ची जॉब (प्लॅनमधून वेळेवर ऑर्डरी काढणारा सॅपचा आपोआप चालणारा प्रोग्रॅम) रोज रात्री चालते का ते विचारा. ती बंद पडली तर नवीन ऑर्डरी येणं गुपचूप थांबतं, आणि काम कमी आलं म्हणून वर्कशॉपमधून कधी फोन येत नाही.