सरकार आणि एआय कंपनी यांच्यातील करार कसा वाचावा

सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या कंपनीशी करार केल्याची बातमी आली की सर्वप्रथम मूळ कागद शोधावा. केंद्र सरकारच्या बाबतीत पत्र सूचना कार्यालयाचे प्रसिद्धीपत्रक बहुधा लगेच मिळते, आणि तेवढेच हाती लागले तरी मथळ्यापेक्षा बरेच अधिक कळते. कागद उघडल्यावर आधी हे ठरवावे, की तो सामंजस्य करार आहे, काम करवून घेण्याचे कंत्राट आहे, की सरकारने कंपनीला दिलेले साहाय्य आहे. बातम्यांत या तिन्हींना सरसकट ‘करार’ म्हटले जाते आणि वाचकाची गल्लत तिथेच होते.

सरावासाठी ब्रिटनचे कागद घ्यावेत, कारण तिथल्या सरकारने ते आपल्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. तिथल्या विज्ञान, नवोन्मेष व तंत्रज्ञान खात्याने २०२५ साली १४ फेब्रुवारीला अँथ्रॉपिकशी आणि २१ जुलैला ओपनएआयशी, या दोन अमेरिकी एआय कंपन्यांशी, सामंजस्य करार जाहीर केले. दोन्ही कागद छोटे आहेत आणि दोन्ही ऐच्छिक आहेत. कायद्याचे बंधन कोणावरही नाही. असा मसुदा पेन्सिल घेऊन वाचावा. ‘देईल’, ‘उभारील’, ‘भरेल’ अशा क्रियापदांखाली एक रेघ ओढावी. ‘शक्यता पडताळून पाहील’, ‘विचारविनिमय करील’, ‘प्रयत्नशील राहील’ यांखाली दोन रेघा ओढाव्यात. पान संपेपर्यंत कोणत्या रेघा जास्त झाल्या, यावरून कागदाचे वजन समजते. मात्र बंधन नाही म्हणून असा कागद निरुपयोगी समजू नये. माझ्या मते तो अधिक काळजीने वाचायला हवा, कारण त्याच्या आधारे कंपनीची माणसे खात्यात ये-जा करू लागतात, कर्मचाऱ्यांच्या हाताला तिच्या साधनांची सवय होते, आणि पुढे निविदा निघते तेव्हा ती कंपनी इतरांपेक्षा चार पावले पुढे उभी असते.

आता आपल्याकडचे उदाहरण पाहू. मार्च २०२५ मध्ये भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने, म्हणजे ‘आधार’ चालवणाऱ्या संस्थेने, बंगळूरच्या सर्वम एआय या कंपनीशी करार केला. आधार केंद्रावर ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे घेतले का, अशा गोष्टी नागरिकाला आवाजी संवादातून सांगता याव्यात आणि आधार पडताळणीत काही संशयास्पद घडल्यास त्याला लगेच सूचना मिळावी, हे त्यामागचे हेतू होते. जाहीर झालेल्या दहा भाषांत मराठीही आहे. मुदत एक वर्षाची आणि पुढे आणखी एक वर्ष वाढवता येईल अशी. या प्रसिद्धीपत्रकातील सर्वांत मोलाचे वाक्य माहितीच्या साठवणुकीचे आहे: ही यंत्रणा प्राधिकरणाच्याच आवारात, बाहेरच्या जाळ्याशी न जोडता चालेल आणि माहिती तिथून बाहेर जाणार नाही. कोणताही सरकारी एआय करार वाचताना असे वाक्य आहे का, हे बोट ठेवून शोधावे. ते नसेल तर बाकीचा मजकूर कितीही आकर्षक असला, तरी नागरिकाच्या दृष्टीने मुख्य गोष्ट अनुत्तरितच राहते. ते असेल, तर त्याच्या पुढचे विचारावे: नागरिकांचे बोलणे वापरून कंपनीचे एआय प्रारूप (मॉडेल) अधिक चांगले झाले, तर ते सुधारलेले प्रारूप कोणाचे? मुदत संपल्यावर ध्वनिमुद्रणे कोण पुसणार, आणि ती पुसली हे कोण तपासणार?

साहाय्याच्या प्रकारात सरकारच कंपनीला मदत देते, म्हणून तिथे सरकारला मोबदल्यात काय मिळते हे पाहावे. इंडियाएआय मिशन या केंद्र सरकारच्या एआय योजनेला ७ मार्च २०२४ रोजी मंत्रिमंडळाने १०,३७१.९२ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यातूनच एप्रिल २०२५ मध्ये, ६७ प्रस्तावांतून, देशी भाषा-प्रारूप घडवण्यासाठी पहिली निवड सर्वमचीच झाली. एकच कंपनी एका सरकारी संस्थेची सेवा करते आणि दुसऱ्या योजनेची लाभार्थीही असते. यात गैर काही नाही, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला हवेत.

प्रसिद्धीपत्रकात उत्तर नसेल तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ वापरावा. कलम ६ नुसार अर्ज त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो, त्यामुळे महाराष्ट्रातून मराठीत अर्ज करण्यास संकोच बाळगू नये. अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते पोस्टल ऑर्डरने भरता येते. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. प्रश्नाची मांडणी मात्र जपून करावी. ‘सरकारने हीच कंपनी का निवडली?’ असे विचारल्यास, कारणमीमांसा देणे बंधनकारक नाही, असे उत्तर येण्याची शक्यता मोठी असते. त्याऐवजी असे लिहावे: ‘सदर कंपनीच्या निवडीसंबंधीच्या नस्तीतील टिपण्या, करारनाम्याची परिशिष्टांसह प्रत, आणि माहिती साठवणुकीविषयीच्या अटींची प्रत मिळावी.’ अस्तित्वात असलेला कागद मागितला की उत्तर टाळणे अवघड जाते.

उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. नकार आला तर तो बहुधा कलम ८(१)(ड) खाली, म्हणजे वाणिज्यिक गोपनीयतेच्या नावाने येतो. त्याच कलमात व्यापक लोकहिताचा अपवाद आहे आणि कलम १० नुसार गोपनीय भाग वगळून उरलेला कागद देता येतो. म्हणून प्रथम अपिलात, जे ३० दिवसांत करावे लागते, किंमत आणि तांत्रिक गुपिते झाकून बाकीची पाने द्यावीत अशी नेमकी मागणी करावी. तेथेही समाधान झाले नाही, तर ९० दिवसांच्या आत केंद्रीय माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते. त्यासाठी मूळ अर्ज, पोस्टाची पावती आणि दोन्ही उत्तरे पहिल्या दिवसापासून एकाच धारिकेत लावून ठेवावीत.